एक पत्ता, अनेक नावे

खटाव तालुक्याची कचेरी खटावला नाही, ती वडूजला आहे. माण तालुक्याची दहिवडीला, जावळीची मेढ्याला आणि शेजारच्या सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्याची विट्याला. या मुलखातल्या माणसाला यात काही वावगे वाटत नाही. तहसीलदाराचा दाखला हवा असेल तर खटावची नव्हे, वडूजची एसटी धरायची, हे त्याला ठाऊक असते. परगावच्या माणसाला मात्र ते कुणीतरी सांगावे लागते. नाव ही एक गोष्ट आणि ठिकाण ही दुसरी. दोहोंची सांगड घालून देणारी काहीतरी व्यवस्था लागते. इंटरनेटवरही नेमके हेच घडते.

शिक्षकांशी बोलताना आम्हांला एक प्रश्न हमखास ऐकू येतो: ‘आमच्या शाळेची वेबसाइट नेमकी असते कुठे?’ शाळेत तर तसे कुठले यंत्र दिसत नाही. खरे उत्तर असे की, ती दूरवरच्या एखाद्या संगणकावर असते आणि बहुधा त्याच संगणकावर आणखी शेकडो जणांच्या वेबसाइटही नांदत असतात. कुणाचे कापडाचे दुकान, कुणाची पतसंस्था, कुणाचे वाचनालय. यंत्र एक, त्याचा पत्ता एक, नावे मात्र शेकडो. मग आपण शाळेचे नाव टाइप केल्यावर शाळेचेच पान कसे येते, पतसंस्थेचे का येत नाही?

प्रश्न साधा दिसतो. पण वेबच्या पहिल्या काही वर्षांत त्याला नीट उत्तर नव्हते. ते कसे सापडले आणि त्यासाठी काय मोजावे लागले, ते येथे पाहू.

नावावरून पत्ता

इंटरनेटला जोडलेल्या संगणकांची ओळख आकड्यांनी होते. हा आकडा म्हणजे त्याचा आयपी पत्ता. माणसांना आकडे लक्षात ठेवणे अवघड, म्हणून संगणकांना नावे देण्याची पद्धत पडली. आरंभी सगळ्या संगणकांची नावे आणि आकडे एकाच यादीत असत. ही यादी कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ठेवली जाई आणि इतरांनी तिची प्रत उतरवून घ्यायची, असा शिरस्ता होता. संगणक वाढले तशी ही यादी आवरेना. तेव्हा १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी डोमेन नेम सिस्टिम, म्हणजे डीएनएस, या व्यवस्थेचा आराखडा मांडला. तिच्यात एकच मोठी यादी नाही. प्रत्येक विभागाने आपापल्या नावांची नोंद ठेवायची आणि विचारणाऱ्याला पुढच्या दाराकडे बोट दाखवायचे.

या व्यवस्थेचा एक गुण आपल्या विषयासाठी महत्त्वाचा आहे. दोन निरनिराळ्या नावांपुढे एकच आकडा लिहायला तिची मुळीच हरकत नसते. एका पिन कोडखाली अनेक गावे येतात, तसेच हे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी श्रीराम भिकाजी वेलणकर या टपाल खात्यातील मराठी अधिकाऱ्याने, जे संस्कृतचे नामवंत कवीही होते, पिन कोडची पद्धत देशात सुरू केली. वडूजचा पिन कोड ४१५५०६. त्या आकड्यावर आसपासच्या खेड्यांचे टपालही येते. आकडा टपालाला योग्य कार्यालयापर्यंत पोचवतो. तेथून पुढे पाकिटावरचे गावाचे आणि माणसाचे नाव वाचावे लागते.

वेबच्या मूळ रचनेत नेमके हे दुसरे वाचन राहून गेले होते.

दारात पोचल्यावर नाव गळाले

टिम बर्नर्स-ली यांनी जिनीव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत १९९० च्या अखेरीस पहिला वेब सर्व्हर चालू केला. सर्व्हर म्हणजे मागणी येताच पान काढून देणारा संगणक. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यात बोलण्याचे जे नियम ठरले, त्यांना एचटीटीपी म्हणतात. त्यांचे पहिले रूप अत्यंत साधे होते. ब्राउझरने ‘गेट’ हा शब्द म्हणायचा आणि पुढे हव्या त्या पानाचा मार्ग सांगायचा. एवढ्या एका ओळीत मागणी पुरी होई.

या ओळीत काय नाही ते पाहा. वाचकाने ब्राउझरला पूर्ण नाव सांगितले. ब्राउझरने डीएनएसला विचारून त्या नावाचा आकडा मिळवला. आकड्याच्या आधारे तो सर्व्हरच्या दाराशी पोचला. आणि तेथे फक्त एवढेच म्हणाला, ‘पहिले पान द्या.’ कोणाचे पहिले पान, ते सांगितलेच नाही. नावाचे काम आकडा मिळाल्याबरोबर संपले असे धरून ते वाटेतच टाकून दिले होते.

याला निष्काळजीपणा म्हणणे अन्यायाचे होईल. त्या काळी वेब सर्व्हर ही प्रयोगशाळांची आणि विद्यापीठांची वस्तू होती. संस्था एक, तिचा संगणक एक, वेबसाइट एक. ज्या घरात एकच माणूस राहतो, तेथे दारावर नाव सांगायचे कारण काय?

गिरणगावातील गावकीच्या खोल्या आठवल्या की अडचण ध्यानात येते. सातारा जिल्ह्यातून आणि कोकणातून मुंबईला गिरणीत आणि माथाडी कामाला गेलेले गडी एकेका खोलीत दाटीने राहात. पाळीप्रमाणे कुणी कामावर, कुणी झोपलेले. वळकटी आणि पेटी एवढीच प्रत्येकाची जागा. गावाहून पत्र धाडताना चाळीचे नाव आणि खोलीचा क्रमांक लिहिला तरी पुरत नसे, माणसाचे नाव लागेच. नुसता क्रमांक लिहिलेले पत्र खोलीपर्यंत बिनचूक पोचेल, पण उघडायचे कुणी? १९९४-९५ च्या सुमारास व्यापारी कंपन्या, वृत्तपत्रे, लहान दुकाने अशी सारी वेबकडे वळली आणि वेबपुढे हाच पेच उभा राहिला. प्रत्येकाला स्वतःचे नाव हवे होते. स्वतःचा संगणक घेणे आणि तो रात्रंदिवस चालू ठेवणे फार थोड्यांना परवडत होते.

तात्पुरते उपाय

पहिला उपाय पोटभाडेकरूचा. जागा देणाऱ्या कंपनीचे नाव आधी, मग तिरकी रेघ आणि तिच्यापुढे ग्राहकाचे नाव. सर्व्हरला मार्ग कळत होताच, त्यामुळे हे सहज जमे. पण यात ग्राहकाला स्वतंत्र ओळख नाही. उद्या जागा बदलली की पत्ता बदलला आणि लोकांना कळवत बसणे आले.

दुसरा उपाय म्हणजे एकाच संगणकाला अनेक आयपी पत्ते देणे. एका घराला दहा दारे आणि प्रत्येक दारावर वेगळा क्रमांक. पाहुणा कोणत्या दाराने आला यावरून तो कुणाकडे आला ते ओळखायचे. नाव स्वतःचे राही आणि जुन्या ब्राउझरमध्येही काही बदल करावा लागत नसे. हा उपाय लोकप्रिय झाला आणि म्हणूनच महागात पडू लागला.

कारण दारांचे क्रमांक मोजके होते. आयपी पत्ता ३२ द्विमान अंकांचा असतो. विद्यार्थ्यांना २ चा ३२ वा घात काढायला सांगावा. उत्तर ४,२९,४९,६७,२९६, म्हणजे सुमारे ४२९ कोटी. त्यांतले सगळे वापरता येत नाहीत आणि जे आहेत त्यांची वाटणी सुरुवातीला सढळ हाताने झालेली. अमेरिकेतील एमआयटी या एका संस्थेकडे १,६७,७७,२१६ पत्त्यांचा गट होता. आपल्याकडे सामान्य ग्राहकासाठी इंटरनेट आले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगममार्फत. पंगतीला जो उशिरा बसला त्याच्या पानात काय पडणार, हा प्रश्न भारतासारख्या देशांच्या दृष्टीने काल्पनिक नव्हता. लहानसहान दुकानाच्या नावासाठीही एकेक पत्ता खर्ची पडू लागला, तर शेवटी तोटा उशिरा येणाऱ्यांचाच होता.

एक ओळ

खरा उपाय अगदीच साधा होता. वाटेत टाकून दिलेले नाव ब्राउझरने दारापर्यंत बरोबर न्यायचे. मागणीत आणखी एक ओळ घालायची: ‘होस्ट’ हा शब्द आणि त्यापुढे वाचकाने टाइप केलेले नाव. सर्व्हर ती ओळ वाचेल, आपल्या यादीत ते नाव शोधेल आणि त्याच्यासाठी नेमून दिलेल्या कप्प्यातले पान काढून देईल.

साधा असला तरी तो अमलात आणणे साधे नव्हते. बदल दोन्ही टोकांना व्हायला हवा होता. सर्व्हर नाव वाचू लागला, पण ब्राउझर सांगतच नाही, तर उपयोग शून्य. एचटीटीपीच्या १.० या आवृत्तीची नोंद मे १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात ही ओळ सक्तीची नव्हती. पण प्रमाण ठरायची वाट न पाहता ब्राउझर ती पाठवू लागले होते. त्याच वर्षी अपाची या मुक्त सर्व्हर प्रणालीच्या १.१ आवृत्तीत नावावरून वेबसाइट निवडण्याची सोय आली. अपाची कुणालाही फुकट घेता येई, त्यामुळे ही सोय झपाट्याने पसरली.

जानेवारी १९९७ मध्ये एचटीटीपी १.१ चे प्रमाण प्रसिद्ध झाले. रॉय फिल्डिंग, जिम गेटिस, जेफ्री मोगल, हेन्रिक फ्रिस्टिक आणि बर्नर्स-ली हे त्याचे लेखक. त्यात होस्टची ओळ सक्तीची झाली. ती नसेल तर सर्व्हरने पान द्यायचे नाही, ‘४००’ क्रमांकाची चूक कळवायची. इतकी कडक अट का, तर सवय लागावी म्हणून. या प्रमाणातील अत्यंत महत्त्वाच्या बदलांपैकी हा एक आहे, असे लेखकांनी त्यातच नमूद करून ठेवले आणि कारणही दिले: पत्त्यांची बचत.

या पद्धतीला व्हर्च्युअल होस्टिंग म्हणतात. सर्व्हरच्या दृष्टीने तिचा व्यवहार तलाठ्याच्या दप्तरासारखा असतो. प्रत्येक नावापुढे एक नोंद: हे नाव आले तर या कप्प्यातली पाने द्यावीत. नाव नोंदीत सापडले नाही, तर अपाचीत यादीतील पहिल्या वेबसाइटचे पान दिले जाते. एखाद्या वेबसाइटऐवजी कधी भलत्याच कुणाचे पान समोर येते, त्याचे एक कारण हे असू शकते.

बंद पाकिटाचा पेच

एक गाठ सुटली तोवर दुसरी तयार होती. पैशांचे व्यवहार वेबवर येऊ लागले, तसे मजकूर गुप्तलिपीत पाठवण्याची गरज पडली. त्यासाठी नेटस्केप कंपनीने एसएसएल ही पद्धत काढली. तिचे नंतरचे रूप म्हणजे टीएलएस. पत्त्यापुढे कुलपाची खूण दिसते ती तिच्यामुळे.

या पद्धतीत बोलणे सुरू होण्याआधी सर्व्हरने आपले ओळखपत्र दाखवायचे असते. त्यावर वेबसाइटचे नाव असते. ते पाहून ब्राउझरची खात्री पटली की पाकीट बंद होते आणि मग त्या बंद पाकिटातून मागणी जाते. होस्टची ओळ त्या पाकिटाच्या आत! म्हणजे कोणते ओळखपत्र दाखवायचे हे सर्व्हरला ज्या क्षणी कळायला हवे, त्या क्षणी नाव त्याला सांगितलेलेच नाही. ज्या चुकीतून १९९७ मध्ये वेब सावरली, तीच चूक एका पायरीवर अलीकडे पुन्हा उभी राहिली. परिणाम असा की, कुलूप हवे असेल तर पुन्हा स्वतंत्र आयपी पत्ता घ्या. बँकांना ते जमले. तालुक्याच्या गावातील संस्थेला सुरक्षित वेबसाइट ही चैन ठरली.

उपाय पूर्वीचाच होता. जून २००३ मध्ये टीएलएसला एक जोड मिळाली, तिचे नाव सर्व्हर नेम इंडिकेशन, थोडक्यात एसएनआय. पहिल्या नमस्कारातच ब्राउझर नाव सांगतो, सर्व्हर त्याप्रमाणे ओळखपत्र काढतो. पण या वेळी सुधारणा रुजायला दहा वर्षे लागली. विंडोज एक्सपीवर चालणाऱ्या इंटरनेट एक्सप्लोररला एसएनआय कळत नव्हते आणि एक्सपी तर घरोघरी, कचेरीकचेरीत होती. ८ एप्रिल २०१४ रोजी मायक्रोसॉफ्टने तिची देखभाल थांबवली. पुढे डिसेंबर २०१५ पासून लेट्स एन्क्रिप्ट या ना-नफा उपक्रमातून ओळखपत्रे सर्वांना फुकट मिळू लागली. एका पत्त्यावरील शेकडो नावांना प्रत्येकी आपले कुलूप, हे तेव्हा कुठे सर्वसाधारण झाले.

दरम्यान पत्ते संपले होते. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातील शेवटचे गट वाटले गेले. १५ एप्रिलला आशिया-प्रशांत विभागाचा साठा राखीव गटापर्यंत आला. १२८ अंकांचे नवे पत्ते, म्हणजे आयपीव्ही६, हा त्यावरचा दूरगामी उपाय. मधली वर्षे निभावली ती मुख्यतः पत्ते वाटून घेण्याच्या युक्त्यांवर. होस्टची ओळ त्यांतली एक.

वडूजहून पाहताना

आता पुन्हा वडूजला येऊ. वडूजला न्यायालय आहे. ते सातारा जिल्हा न्यायालयाच्या अखत्यारीत येते. पक्षकाराला तारीख पाहायची असेल तर तो जिल्हा न्यायालयाच्या वेबसाइटवर जातो. न्यायालयांच्या संगणकीकरणाचा ई-कोर्ट्स प्रकल्प २००७ मध्ये सुरू झाला. पूर्वी देशभरातील जिल्हा न्यायालयांचे एकच सामायिक नाव होते आणि तिरक्या रेघेपुढे ‘सातारा’ किंवा ‘सांगली’ असा जिल्हा येई. हा वर सांगितलेला पोटभाडेकरूचा प्रकार. पुढे प्रत्येक जिल्ह्याला स्वतःचे नाव मिळाले. ‘सातारा डॉट डीकोर्ट्स डॉट गव्ह डॉट इन’, ‘सांगली डॉट डीकोर्ट्स डॉट गव्ह डॉट इन’ अशी ही नावे. आता ‘सातारा’ शेपटीला नाही, नावाच्या आरंभी आहे.

म्हणून साताऱ्याला एक आणि सांगलीला एक असे सर्व्हर बसवले का? नाही. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने (एनआयसी) सरकारी वेबसाइटसाठी एसथ्रीवास नावाची सामायिक व्यवस्था उभी केली आहे. जिल्हा प्रशासनांच्या आणि न्यायालयांच्या वेबसाइट तिच्यावर चालतात. साचा एक, देखभाल एकत्र, नावे आणि मजकूर ज्याचा त्याचा. आलेल्या मागणीत ‘सातारा’ लिहिले आहे की ‘सांगली’, यावर पुढचे सगळे ठरते.

यातील लाभ पैशांच्या बचतीपेक्षा मोठा आहे. जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या गावी सर्व्हरसाठी अखंड वीज, थंड खोली आणि जाणकार माणूस ठेवणे कठीण. ती अट असती, तर स्वतःच्या नावाने वेबवर उभे राहणे फक्त महानगरांना आणि धनिकांना साधले असते. आज एखादी शाळा वर्षाकाठी थोडे पैसे भरून स्वतःचे नाव घेऊ शकते. जागा बदलली तरी नाव तिच्याकडेच राहते, फक्त डीएनएसमधली नोंद बदलायची. २७ ऑगस्ट २०१४ पासून तर ‘डॉट भारत’ या शेवटासह देवनागरीतही नाव घेता येते. होस्टच्या ओळीत मात्र ते रोमन अक्षरांच्या सांकेतिक रूपात जाते, कारण मूळ नियम तेवढीच अक्षरे जाणतात.

सामायिक घराची किंमत

एका छपराखाली राहण्याचे तोटेही सोसावे लागतात. एकाच घरातील एका वेबसाइटवर झुंबड उडाली की बाकीच्या मंदावतात. एकीचे दार नीट लावलेले नसेल, तर चोर आत शिरून शेजाऱ्यांपर्यंत पोचू शकतो. आणि कुणी घरालाच टाळे ठोकले तर?

बेन एडेलमन यांनी २००३ मध्ये केलेल्या पाहणीत असे दिसले की, डॉट कॉम, डॉट नेट आणि डॉट ऑर्ग या शेवटांच्या चालू नावांपैकी ८७ टक्क्यांहून अधिक नावांचा आयपी पत्ता आणखी कुणाशी तरी सामायिक होता. म्हणजे पत्त्यावर बंदी घातली की निरपराध शेजारीही अडकणार. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये भारतात याचा अनुभव आला. याहू ग्रुप्सवरील मेघालयातील एका गटावर सरकारने बंदी घातली. इंटरनेट कंपन्यांनी त्या सेवेचा पत्ताच अडवला आणि देशभरातील सगळे गट काही काळ बंद पडले. ११ जुलै २००६ च्या मुंबईतील रेल्वे बाँबस्फोटांनंतर दीड-दोन डझन पाने बंद करण्याचा आदेश निघाला, तेव्हा अनेक कंपन्यांनी ब्लॉगस्पॉट ही संपूर्ण सेवा रोखली. कविता, पाककृती, प्रवासवर्णने लिहिणाऱ्या मराठी माणसांच्या अनुदिनीही तेथेच होत्या. काही दिवसांत सेवा पूर्ववत झाली.

खोलीतल्या एकासाठी आलेले वॉरंट साऱ्या खोलीवर बजावले गेले. पत्ता आणि नाव यांतला फरक पाहिला नाही की असे होते. म्हणूनच हा फरक तंत्रज्ञांपुरता न राहता नागरिकांनाही समजायला हवा.

वर्गात करून पाहण्यासाठी

एका बाकाला ७ क्रमांक द्या. त्यावर तीन विद्यार्थी बसवा: शाळा, दुकान आणि वाचनालय. प्रत्येकाजवळ ‘पहिले पान’ असा एक कागद. फळ्यावर तिन्ही नावांपुढे ७ लिहा, हे झाले डीएनएस. बाकीच्यांनी चिठ्ठीवर फक्त ‘पहिले पान द्या’ एवढेच लिहून बाकाकडे जायचे. जो गोंधळ होईल तो होऊ द्या. मग चिठ्ठीवर नावाची ओळ वाढवा. त्यानंतर चिठ्ठी पाकिटात बंद करा आणि पाकीट फोडण्याआधी ओळखपत्र दाखवायची अट घाला. नाव पाकिटावर लिहायचा उपाय मुले स्वतःच सुचवतात का ते पाहा. वरच्या वर्गांना पुढचा प्रश्न विचारावा: पाकिटावरचे नाव वाटेतल्या पोस्टमनलाही दिसते, ते चालेल का?

शाळेच्या संगणक कक्षात इंटरनेट नसले तरी खराखुरा प्रयोग करता येतो. एका संगणकावर अपाची बसवा आणि दोन वेगळ्या कप्प्यांत एकेक पान ठेवा. प्रत्येक संगणकात ‘होस्ट्स’ नावाची छोटी फाइल असते. ती स्टॅनफर्डच्या त्या जुन्या यादीची वंशज. तिच्यात ‘वडूज डॉट टेस्ट’ आणि ‘विटा डॉट टेस्ट’ या दोन्ही नावांपुढे १२७.०.०.१ हा पत्ता रोमन लिपीत लिहा. हा पत्ता म्हणजे ‘मी स्वतः’. ‘टेस्ट’ हा शेवट १९९९ पासून अशा प्रयोगांसाठीच राखून ठेवला आहे. अपाचीत दोन नावांच्या दोन नोंदी करा. ब्राउझरमध्ये आळीपाळीने दोन्ही नावे टाका, दोन वेगळी पाने येतील. शेवटी नाव न टाकता नुसता आकडा टाका आणि कोणते पान येते ते पाहा. ते का आले, याचे उत्तर मुलांनी द्यायचे.

या इतिहासातून विद्यार्थ्यांना एक गोष्ट जरूर सांगावी. वेबची ही अडचण सोडवायला नवे यंत्र किंवा नवा सिद्धांत लागला नाही. एक माहिती आधीच हाताशी होती, ती एक पायरी आधी टाकून दिली जात होती. ती शेवटपर्यंत बरोबर नेली आणि काम झाले. आपल्याला आता जी माहिती नकोशी वाटते, ती पुढच्या पायरीवर कुणाला तरी लागणार आहे का, हे एकदा विचारून घेण्याची सवय संगणकाच्या तासाला लागते, तशी प्रयोगवही लिहितानाही लागते.